पाना लावण्याआधी दाब सोड

मित्रा, प्रेशर वॉशरचा (जोरदार पाण्याच्या धारेने धुणाऱ्या मशीनचा) पंप उघडायचा तर आधी प्लग बोर्डातून उपटून ठेव, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग नळ बंद कर आणि गनचा ट्रिगर धार पूर्ण थांबेपर्यंत दाबून धर. मशीन बंद असलं तरी होज आणि पंपात दाब कोंडून राहतो. घरगुती मशीनही १०० बारच्या आसपास काम करतं. गाडीच्या टायरमध्ये दोन-अडीच बारच असतो. अशी धार कातडीत घुसली तर वरून टोचल्याएवढंच दिसतं, आत मात्र मोठी इजा असते. तसं झालंच तर मलम लावत बसू नकोस, तडक हॉस्पिटल गाठ.

आता पंप. ऑइल काढून बघ. दुधाळ आलं तर पाणी आत शिरलंय, सील (पाणी-ऑइल अडवणाऱ्या रबरी कड्या) गेले समज. हेडचे, म्हणजे पंपाच्या तोंडाकडच्या धातूच्या भागाचे, बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे सैल कर. बऱ्याच पंपांत पिस्टनच्या स्प्रिंगा दाबलेल्या असतात, हेड उसळतं. अडलं तर स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नकोस. अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा पडला की तिथूनच गळणार. प्लास्टिकच्या हातोडीने हळू ठोक.

तीन पिस्टनच्या पंपात सहा व्हॉल्व्ह असतात, तीन पाणी घेणारे, तीन सोडणारे. निघतील त्या क्रमाने कापडावर मांड. प्रत्येक सील कुठल्या तोंडाने बसलाय त्याचा फोटो काढल्याशिवाय त्याला हात लावू नकोस, हे मी कळकळीने सांगतो. एकदा मी सील उलटा बसवला होता; अख्खा पंप पुन्हा उघडावा लागला.