वाचकांचे प्रश्न : शाळेच्या जुन्या मास्तरांची यादी

प्रश्न : पूर्वी बडोदे संस्थानात असलेल्या एका तालुक्याच्या गावची माध्यमिक शाळा शताब्दीला आली आहे. स्मरणिकेसाठी शिक्षकांची यादी करतो आहोत, पण नावं आणि सालं जुळत नाहीत. सुरुवात कुठून करावी?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : पगारपत्रकापासून करा, हजेरीपत्रक नंतर. रजेच्या जागी दोन-चार महिने आलेले शिक्षक हजेरीत नुसत्या आडनावानं उरतात. पगार घेताना मात्र सही करावीच लागे. ही सहीच तुमचा खरा आधार. गुजराती दप्तरात आडनाव आधी येतं, मोडीत इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळत नाहीत, त्यामुळे एकाच मास्तरांचे कागदावर तिघे होतात. सह्या शेजारी ठेवून पाहा, वळण लगेच ओळखू येतं.

प्रत्येकाचं वेगळं कार्ड करा : नाव (जसं लिहिलंय तसंच, सुधारून नको), हुद्दा, विषय, रुजू झाल्याची आणि मुक्त झाल्याची तारीख, रजिस्टर, पान. ‘प्रभारी’ मुख्याध्यापकांना कायम मुख्याध्यापकांच्या ओळीत बसवू नका. भांडणं तिथूनच सुरू होतात.

सालं चुकतात ती विक्रम संवतामुळे. इसवी सन काढायला सगळे सरसकट 57 वजा करतात. पण गुजरातेत वर्ष कार्तिकात बदलतं, म्हणून जानेवारी ते दिवाळीपर्यंतच्या तारखांना 56 वजा करायचे. संवत 1984 चा जेठ (ज्येष्ठ) म्हणजे 1928. नेमणुका बऱ्याचदा जूनमधल्या, तेव्हा 57 धरलेत तर मास्तर वर्षभर आधीच रुजू झालेले दिसतील.

इयत्तांचंही तसंच. ‘इंग्रजी पहिली’ म्हणजे आजची पाचवी, आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिकचा वर्ग. जुन्या नोंदीतले ‘सातवीचे वर्गशिक्षक’ बहुधा मॅट्रिकची मुलं तयार करणारे, शाळेतले जाणते शिक्षक असत. त्यांना खालच्या वर्गात टाकणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

शाळेत कागद नसेल तर आधी काळ ठरवा. 1 मे 1949 ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि 1 मे 1960 ला गुजरात झालं. दप्तरंही त्याप्रमाणे विभागलेली. संस्थानी हुकमांसाठी ‘आज्ञापत्रिके’चे (संस्थानच्या राजपत्राचे) जुने अंक आणि राज्यकारभाराचे वार्षिक अहवाल चाळा.

प्रश्न : जुन्या ग्रुप फोटोंवर नावं कशी घालावीत?

उत्तर : फोटोवर बटर पेपर नुसता ठेवा, दाबू नका, चेहऱ्यांची बाह्यरेषा हलक्या हातानं काढून क्रमांक द्या आणि त्याची झेरॉक्स वयस्कर माजी विद्यार्थ्यांना दाखवा. दोघांनी एकमेकांना न विचारता सारखंच सांगितलेलं नाव पक्कं धरा. सगळ्यांना एकत्र बसवलंत तर पहिल्याचंच उत्तर फिरतं. मागे बॉलपेननं लिहू नका, ठसा पुढे उमटतो. मऊ पेन्सिल वापरा. फाटलेल्याला सेलोटेप नको, त्याचा गोंद पिवळा डाग सोडतो.

सेवापुस्तिकेतल्या शिक्षा आणि आजारपणाच्या नोंदी, जनरल रजिस्टरमधली (विद्यार्थ्यांच्या प्रवेश नोंदवहीतली) जात, यातलं काहीही स्मरणिकेत छापू नका.