निर्वासितांच्या कहाण्या लोकांपर्यंत पोचवायच्यात, त्यांना नेमकं काय विचारावं?

तुम्ही विचारलंय की युद्धातून जीव वाचवून नवीन देशात आलेल्या कुटुंबांच्या कहाण्या तुमच्या ग्रुपला रेकॉर्ड करून लोकांसमोर आणायच्यात, तर सुरुवात कशी करू आणि काय विचारू. मी काही वर्षं दुभाष्याला सोबत घेऊन अशा मुलाखती घेतल्यात, नंतर रात्री बसून टाइप केल्यात, म्हणून लिहितेय.

प्रश्नांची यादी नंतर करा, आधी एवढंच विचारा की तुमची केस अजून चालू आहे का? आश्रयाचा अर्ज पेंडिंग असेल तर त्यांच्या वकिलाला विचारल्याशिवाय एक ओळही बाहेर जाऊ देऊ नका. कारण हीच हकीकत त्यांनी अधिकाऱ्यांसमोर सांगितलेली असते आणि तिथे ती पुरावा म्हणून तपासली जाते. 1951 च्या निर्वासित करारातली व्याख्या वाचा, वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यावरून छळ होण्याची सबळ भीती असलेला माणूस. त्या व्याख्येत युद्ध हा शब्दच नाहीये! (आफ्रिकी देशांनी 1969 मध्ये स्वतःचा करार करून ती रुंद केली, पण तो त्यांच्यापुरता.) म्हणजे घरावर बॉम्ब पडला एवढं बऱ्याच ठिकाणी पुरत नाही, तुम्हालाच धोका का हे पटवावं लागतं, मग तारखा, रस्ते, कोण आधी कोण नंतर हे परत परत विचारतात आणि दोन वेळच्या सांगण्यात फरक पडला की संशय. आता जिवावर बेतलेलं कोणाला क्रमाने आठवतं हो? एक बाई नदी ओलांडली ती रात्र मला तासभर सांगत होत्या, पाण्याचा वास सुद्धा, पण महिना कोणता ते काही केल्या आठवेना. तुमच्या लेखात अंदाजाने महिना पडला आणि अर्जात दुसरा असला तर त्रास त्यांना होणार, तुम्हाला नाही.

दुसरं, मागे राहिलेले नातेवाईक. नुसतं नाव बदलून भागत नाही. गाव, धंदा आणि मुलं किती एवढ्यावरून ओळखणारे बरोबर ओळखतात.

आणि प्लीज, "तुम्ही पळालात कसे" इथून सुरू करू नका. सगळे तेच विचारतात. मी विचारायचे, तुमच्या घरात सकाळी पहिलं कोण उठायचं? मग माणूस मोकळा होतो, बोलता बोलता आपणहून युद्धापर्यंत येतो, किंवा नाही येत, तरी चालतं.

मधली वर्षंही विचारा, ती कहाण्यांमधून गायबच असतात. लोकांना वाटतं युद्ध झालं, विमान पकडलं, नवीन देश. खरं तर बहुतेक निर्वासित शेजारच्या देशांतच अडकून राहतात, आणि तिसऱ्या देशात रीतसर पुनर्वसन होतं ते दरवर्षी एक टक्क्याहूनही कमी लोकांचं. जॉर्डनमधली झातारी छावणी सिरियन लोकांसाठी 2012 मध्ये उघडली, तिथे पुढे दुकानांनी भरलेला आख्खा बाजाररस्ता उभा राहिला. भूतानमधून 1990 च्या सुमारास हाकललेले नेपाळीभाषक लोक नेपाळमधल्या छावण्यांत राहिले, त्यांना तिसऱ्या देशात न्यायला सुरुवात झाली 2007 पासून, पुढे एक लाखाहून जास्त लोक गेले. म्हणजे सतरा वर्षं! तिथेच जन्मलेल्या मुलाला घर कुठलं सोडलंस विचारलं तर तो छावणीच सांगणार ना.

नवीन देशात आल्यावरचं सांगताना लोक लाजतात, इतकं मिळालंय तर तक्रार कशी करायची म्हणून. तिकडे शिक्षक असलेला माणूस इथे गोदामात खोकी उचलतो. मुलं भाषा लवकर शिकतात आणि आईबापांची दुभाषी होऊन बसतात, डॉक्टरकडे, बँकेत, सगळीकडे. तुमच्या मुलाखतीला मात्र मुलाला दुभाषी करू नका. आईवर काय गुजरलं ते दहा वर्षाच्या पोराच्या तोंडून वदवून घेणं फार वाईट, मी एकदा केलंय आणि अजून टोचतं.

लिहून झालं की त्यांच्या भाषेत वाचून दाखवा. परवानगी तेव्हा परत घ्या, आधी सही झालेली असली तरी. एका गृहस्थांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि भावाचा पूर्ण भाग काढायला सांगितला, माझ्या मते तोच सगळ्यात भारी भाग होता, काढला. मूळ रेकॉर्डिंग मात्र त्यांच्याकडे तसंच दिलं, मुलगी मोठी झाली की ऐकवेन म्हणाले.