एकाच समीकरणाचा ताळा पुरेसा आहे का?

प्रश्न : माझी मुलगी दहावीत शिकते. २क्ष + ३य = १२ आणि क्ष − २य = १ ही एकसामयिक समीकरणे तिने आलेखाने सोडवून (३.९, १.४) ही उकल लिहिली. पहिल्या समीकरणात या किमती ठेवल्या, तर बरोबर १२ येतात; तरीही शिक्षकांनी उत्तर चूक ठरवले. असे का?
— एक पालक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : शिक्षकांचा निर्णय योग्य आहे. ७.८ आणि ४.२ मिळून १२ होतात हे खरे; परंतु दोन चलांतील एका रेषीय समीकरणाला अनंत उकली असतात, आणि (६, ०) किंवा (०, ४) या जोड्याही त्याच समीकरणाचे तितकेच समाधान करतात. एकसामयिक समीकरणांची उकल म्हणजे दोन्ही समीकरणांचे समाधान करणारी क्रमित जोडी. दुसऱ्या समीकरणात त्याच किमती ठेवल्या, की ३.९ − २.८ = १.१ येते, उजवी बाजू मात्र १ आहे.

हा एक दशांशाचा फरक आला कोठून, ते आलेखकागदावर पाहण्यासारखे आहे. एका सेंटिमीटरला एक एकक असे प्रमाण घेतले, तर सर्वांत लहान चौकट एक मिलिमीटरची, म्हणजे ०.१ एककाची असते. दुसऱ्या समीकरणावरून मिळणारी क्ष = २य + १ ही किंमत पहिल्यात ठेवल्यास ७य = १०, म्हणून य = १०/७ आणि क्ष = २७/७ मिळते. हे अपूर्णांक दशांशात लिहू गेल्यास संपत नाहीत. छेदनबिंदू चौकटीच्या आत पडतो आणि मुलीने त्याला सर्वांत जवळचा कोपरा वाचला आहे. तिने रेषा उत्तम काढल्या आहेत, असेच मी म्हणेन. सरावासाठी बहुधा पूर्णांकी उत्तरांचीच उदाहरणे निवडली जातात, त्यामुळे आलेखाची ही मर्यादा मुलांच्या लक्षात येत नाही.

ताळा करताना ३.८६ अशी आसन्न किंमत न घेता अपूर्णांकच ठेवावेत : ५४/७ + ३०/७ = ८४/७ = १२, आणि २७/७ − २०/७ = १. जोडीतील पहिली संख्या क्षची, दुसरी यची, हा क्रम अर्थातच पाळावा.

शाब्दिक उदाहरण असेल, समजा हळद आणि बेदाण्याचे दर काढायचे असतील, तर ताळा उदाहरणाच्या मजकुराशी करावा. समीकरणच चुकीचे मांडले गेले असेल, तर त्यात किमती ठेवून ती चूक सापडणार नाही.