घराच्या खिडक्या बंद आहेत की उघड्या हे कळायला कोणता सेन्सर घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की सहा स्लायडिंग खिडक्या, दोघंही नोकरीला, आणि दुपारी आभाळ भरून आलं की "तू लावली होतीस ना?" अशी फोनाफोनी. बाहेरून ग्रील असल्यामुळे चोरीची भीती नाही, प्रश्न फक्त पावसाचा. आमच्या पुण्याच्या घरात हीच कथा. या नादात माझे तीन पावसाळे गेले, त्यातल्या एकात गादीही गेली.

गादीची गोष्ट आधी सांगतो. पहिल्या वर्षी मी वायफायवर चालणारे सेन्सर आणले. ॲपमध्ये बेडरूमची खिडकी "बंद" दिसत होती, म्हणून निवांत होतो. संध्याकाळी घरी आलो तर गादी ओलीचिंब. खिडकी सकाळपासून उघडी होती. सेन्सरचा सेल केव्हाच संपला होता आणि ॲप त्याचं शेवटचं वाक्य धरून बसलं होतं. सेलवरचे सेन्सर सेल वाचवण्यासाठी बहुतेक वेळ झोपलेले असतात, खिडकी हलली की जागे होऊन निरोप देतात. तुम्ही फोनवर बघता ती आत्ताची अवस्था नसते, शेवटचा निरोप असतो. त्यामुळे घेताना माझा पहिला प्रश्न आता हाच असतो: हा गप्प झाला तर मला कळेल का?

या कसोटीवर 433 मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालणारे स्वस्त अलार्मवाले सेन्सर लगेच बाद होतात. त्यांचा कारभार एकतर्फी, निरोप पोचला की नाही ते त्यांना कळत नाही. कित्येक तर उघडल्याचाच निरोप देतात, बंद केल्याचा देतच नाहीत. झिगबीचे, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या वेगळ्या वायरलेस पद्धतीवर चालणारे सेन्सर बरे. काही हललं नाही तरी ते अधूनमधून हजेरी लावतात, आणि नाण्यासारख्या चपट्या सेलवर वर्षभर तरी सहज निघतात. त्यांना हब, म्हणजे निरोप गोळा करून फोनपर्यंत पोचवणारं यंत्र, मात्र लागतो. मी होम असिस्टंट हे घरातली उपकरणं सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरतो. त्याच्या स्वतःच्या झिगबी जोडणीत सेलवरचं उपकरण 6 तास गप्प राहिलं की ते "बंद" न दाखवता "उपलब्ध नाही" असं दाखवतं. मला हवं होतं ते एवढंच. हब आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या, कारण वीज जाते ती नेमकी पावसातच.

आतलं यंत्र जवळपास सगळ्यांचं सारखंच: रीड स्विच. काचेच्या बारीक नळीत लोखंडी जातीच्या दोन पात्या, चुंबक जवळ आलं की चिकटतात, लांब गेलं की सुटतात. त्यामुळे कंपनीपेक्षा तो कुठे बसवता याला जास्त महत्त्व, आणि स्लायडिंग खिडकी इथेच छळते. आमच्याकडे तीन ट्रॅक आहेत, दोन काचा आणि सगळ्यात आत मच्छरजाळी. काचेच्या फ्रेमवर सेंटीमीटरभर जाडीचं काही चिकटवलं की जाळी तिथे अडते. म्हणून मी सेन्सर खोलीच्या बाजूला चौकटीवर लावला, सोबत आलेलं जाडं चुंबक ठेवून दिलं आणि काचेच्या फ्रेमवर 2 मिमी जाडीची निओडिमियमची, म्हणजे जोरदार चुंबकाची चकती चिकटवली. मध्ये येणाऱ्या जाळीच्या ट्रॅकचं अंतर ती ओलांडते. ॲल्युमिनियममधून चुंबकाला अडथळा होत नाही. तुमच्या खिडक्या यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) असतील तर आत स्टीलची पट्टी असते, तिथे पल्ला कमी भरतो. आधी हातात धरून बघा, मग टेप काढा.

चुंबक जोरदार असलं की दुसरी भानगड. खिडकी दोन सेंटीमीटर उघडी असली तरी सेन्सर "बंद" म्हणतो. चोरासाठी ठीक आहे, पण पावसाला तेवढी फट पुष्कळ. चकती थोडी थोडी लांब सरकवत जा आणि खिडकी पूर्ण लागली तरच सेन्सर लागेल अशी जागा शोधा. ही तपासणी उघडतानाही करा, कारण रीड स्विच लागतो त्यापेक्षा जास्त अंतरावर सुटतो. कडी लागली की नाही हे यातलं कुठलंच उपकरण सांगत नाही.

दोन्ही काचा सरकतात म्हणजे एका खिडकीला दोन सेन्सर आले. मी तो खर्च केला नाही. प्रत्येक खिडकीची एक काच स्टॉपर लावून कायमची अडकवून टाकली. बायकोने आठवडाभर कुरकुर केली, मग विसरली.

फोनवर बघायची गरज नसेल आणि घर स्वतःचं असेल, तर मला अजूनही सगळ्यात आवडणारा उपाय वायरचा आहे. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीच्या परिसरात वायरवाला रीड स्विच शंभर-दीडशेच्या आत मिळतो. सगळ्या खिडक्यांचे स्विच एकापुढे एक, सिरीजमध्ये जोडायचे, जुना 5 व्होल्टचा मोबाइल चार्जर, एक 330 ओहमचा रेझिस्टर आणि चपलांच्या कपाटावर हिरवा एलईडी. सगळ्या खिडक्या बंद असतील तरच तो पेटतो. वायर उंदराने कुरतडली, चार्जर गेला, वीज गेली, तर तो विझतो आणि तुम्ही आपोआप आत जाऊन बघता. चुकला तर बहुधा काळजीच्या बाजूला चुकतो. कुठली खिडकी उघडी आहे ते मात्र सांगत नाही.

सहाही खिडक्यांना एकदम लावू नका. पावसाळी वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो, तेव्हा त्या बाजूच्या दोन-तीन आधी घ्या. आमची पूर्वेची खिडकी आजही बिनसेन्सरची आहे आणि फारतर खिडकीतली तुळस भिजते. बाथरूमच्या काचेच्या पट्ट्यांच्या नादी तर लागूच नका, मी एक रविवार त्यात घालवलाय.