बसथांबा आखण्याआधी तासभर तिथं उभा राहा

ड्रॉइंग नंतर. आधी सकाळी सांगलीत विश्रामबागला जा आणि मिरजेकडं जाणारी बस आली की माणसं कुठं धावतात ते बघ. शेड एकीकडं, गर्दी भलतीकडं. ड्रायव्हर जिथं खरोखर थांबवतो, तिथला विचार आधी कर.

थांबा शक्यतो चौक ओलांडल्यावर, आणि झेब्रा पट्टे थांबलेल्या बसच्या मागं. पट्टे पुढं मारलेस तर उतरलेला माणूस बसच्या तोंडासमोरून रस्त्यात येतो आणि बाजूनं सुसाट निघालेल्या दुचाकीवाल्याला तो ऐनवेळी दिसतो. एवढं चुकलं तर बाकी सगळं मुसळ केरात.

शेडचे खांब फूटपाथच्या मधोमध येऊ देऊ नकोस (ठेकेदाराला तीच जागा आवडते!). आयआरसी १०३ (इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सोयींची मार्गदर्शिका) प्रमाणे चालायला किमान १.८ मीटर मोकळं हवं, कर्ब (फूटपाथची कड) १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको. उंच केलास की आजीबाई रस्त्यावरूनच चालणार.

सायकलवाली पोरं बस आणि फूटपाथमधल्या फटीत घुसतात. जागा असेल तर त्यांची वाट शेडच्या मागून काढ. नसेल तर नुसता रंग फासू नकोस, क्रॉसिंगच फूटपाथच्या पातळीला उचल, म्हणजे गाड्यांचा वेग आपोआप कमी होतो. फक्त कडेनं पाणी जायला वाट ठेव, नाहीतर पहिल्याच पावसात लोक तुझ्या नावानं बोटं मोडतील.