ओळंब्यातल्या भिंती, तिरपा फोकस : टिल्ट-शिफ्ट लेन्सविषयी वाचकांचे प्रश्न

टिल्ट-शिफ्ट म्हणजे सेन्सरच्या तुलनेत तिरपी करता येणारी (टिल्ट) आणि वर-खाली किंवा बाजूला सरकवता येणारी (शिफ्ट) लेन्स. तिच्यावर आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरांतले सगळे आकडे ३६ × २४ मिमीच्या फुल-फ्रेम सेन्सरसाठी आहेत.

प्रश्न : सदाशिव पेठेत एका आर्किटेक्टसाठी नव्या इमारतीचे फोटो काढतोय. समोर जेमतेम आठ मीटर जागा आहे. २४ मिमीचा टिल्ट-शिफ्ट भाड्याने आणला, कॅमेरा आडवा ठेवून शिफ्ट पूर्ण १२ मिमी वर नेला. तरी वरचे मजले कापले जातात, तळमजलाही पूर्ण येत नाही, आणि भिंती किंचित आत झुकलेल्या दिसतात. लेन्समध्ये दोष आहे का?

लेन्स ठीक असावी. तुमच्या दोन तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत.

भिंती झुकतात, कारण सेन्सर भिंतीला समांतर नाही. शिफ्टने रेषा सरळ होत नाहीत. कॅमेरा वर न उचलता इमारतीचा वरचा भाग चौकटीत आणता येतो, एवढंच शिफ्टचं काम. त्यामुळे कॅमेरा आधीच अर्धा अंश वर बघत असेल, तर तो अर्धा अंश फोटोत तसाच उतरतो. बॉलहेडचा, म्हणजे ट्रायपॉडवरच्या गोल सांध्याचा, स्क्रू आवळताना कॅमेरा हमखास थोडा हलतो. म्हणून लेव्हल बघायची ती स्क्रू आवळल्यानंतर. कॅमेऱ्यातली इलेक्ट्रॉनिक लेव्हल दोन्ही दिशांनी शून्यावर आली पाहिजे. हे काम नेहमीचं असेल, तर लेन्सच्या आधी गिअर्ड हेड (प्रत्येक दिशा दात्यांच्या चाकाने वेगळी, हळू फिरवता येणारं ट्रायपॉडचं डोकं) घ्या. पेठेतला जुना वाडा टिपत असाल, तर भिंतीच्या कडेवरून कॅमेरा सरळ करू नका. जुन्या भिंती बहुधा ओळंब्यात नसतात. तिथे विश्वास पाणसळीवर ठेवायचा.

आता उंची. आडव्या कॅमेऱ्यात सेन्सरची अर्धी उंची १२ मिमी असते. शिफ्टही १२ मिमी दिला, की क्षितिजरेषा बरोबर चौकटीच्या खालच्या कडेवर येते. म्हणजे कॅमेऱ्याच्या उंचीखालचं सगळं बाहेर. ट्रायपॉड दीड मीटरवर असेल, तर इमारतीचा खालचा दीड मीटर गेला. वरच्या बाजूला १२ अधिक १२, म्हणजे २४ मिमी मिळतात, म्हणून २४ मिमी लेन्स अंतराएवढीच उंची घेते : आठ मीटर अधिक दीड, साडेनऊ मीटर.

कॅमेरा उभा करा. आता वर १८ अधिक १२, म्हणजे ३० मिमी मिळतात. ३० भागिले २४ म्हणजे सव्वा. अंतराच्या सव्वापट दहा मीटर, त्यात ट्रायपॉडचे दीड, साडेअकरा मीटर झाले. खाली सहा मिमी उरतात, त्यात इमारतीचा पाया आणि थोडा रस्ताही बसतो. पार्किंगवर चार मजले असतील, तर हेही अपुरं पडेल. १७ मिमीची टिल्ट-शिफ्ट लेन्स याच जागेवरून, उभ्या कॅमेऱ्यात, सुमारे साडेपंधरा मीटरपर्यंत पोचते. पेठेतल्या गल्ल्यांसाठी तीच खरी लेन्स.

ती मिळत नसेल, तर समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्याची गॅलरी मागून घ्या. कॅमेरा सात मीटरवर, उभा. एक फ्रेम १२ मिमी वर, एक १२ मिमी खाली, मग दोन्ही जोडायच्या. सेन्सरवर ६० मिमी उंची मिळते, म्हणजे आठ मीटरवरून वीस मीटरचा पट्टा. एक अडचण आहे. शिफ्ट करताना कॅमेरा जागेवर राहतो आणि लेन्स हलते, त्यामुळे गॅलरीचा कठडा किंवा जवळची वायर जुळत नाही. एकतर लेन्सला ट्रायपॉडवर धरणारा कॉलर (कडं) वापरा, म्हणजे लेन्स जागेवर राहते आणि कॅमेरा सरकतो, नाहीतर लेन्स जेवढी वर गेली तेवढाच कॅमेरा खाली घ्या. जवळ काहीच नसेल, तर याची गरज नाही.

आणखी एक. इतक्या जवळून भिंती शंभर टक्के सरळ केल्या, की इमारत वर रुंदावत गेल्यासारखी वाटते. भूमितीने ते बरोबर असतं, पण डोळ्यांना पटत नाही. अगदी थोडा आतला झुकाव ठेवला, तर फोटो जास्त खरा वाटतो. क्लायंटला दोन्ही दाखवावेत.

प्रश्न : भिंती सॉफ्टवेअरमध्येही सरळ होतात. मग एवढी महाग लेन्स कशाला?

होतात. पण सॉफ्टवेअर वरचा भाग ताणतं, म्हणजे नेमके जिथे नक्षी किंवा सज्जा असतो तिथलेच पिक्सेल पातळ होतात. बाजूचे त्रिकोण कापावे लागतात, ते वेगळेच. इमारतीची उंची-रुंदीही नकळत बदलते, आणि आर्किटेक्ट ते लगेच ओळखतात. सगळ्यात मोठा तोटा म्हणजे अंतिम चौकट काय असेल, हे जागेवर कळत नाही. एक-दोन अंशांची दुरुस्ती खुशाल संगणकावर करा.

प्रश्न : डायनिंग हॉलसाठी थाळीचे फोटो काढते. ९० मिमी लेन्स, कॅमेरा साधारण ३० अंश खाली झुकलेला. एफ/१६ ला सुद्धा पुढची कोशिंबीर स्पष्ट आणि मागची पुरणपोळी धूसर. टिल्ट वापरला तर फोकस कुठेच जुळेना. क्रम काय असावा?

तुमच्या मांडणीत कॅमेरा टेबलापासून ६० सेंमी उंच आणि थाळी सव्वा मीटरच्या आत आहे असं धरू. तिथे एफ/१६ ला, म्हणजे ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) बरंच लहान असताना, मिळणारी फोकसची खोली (जेवढ्या अंतरातलं सगळं स्पष्ट दिसतं ती) सुमारे १७ सेंमी. ३५ सेंमीची थाळी ३० अंशांतून बघताना तुमच्या नजरेच्या दिशेने ३० सेंमी खोल असते. म्हणजे ॲपर्चर बंद करत गेलात तरी पुरणार नाही, आणि डिफ्रॅक्शनने, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने, सगळंच मऊ पडेल.

टिल्टने खोली वाढते, हा गैरसमज आधी काढून टाका. टिल्टने फोकसची पातळी, म्हणजे जिथल्या वस्तू स्पष्ट येतात तो सपाट थर, तिरकी होते आणि ती थाळीवर आडवी टाकता येते. ऑस्ट्रियन लष्करी अधिकारी थिओडोर शाइमफ्लुग यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. हवाई छायाचित्रांतला तिरकेपणा काढण्याच्या पद्धतीचं पेटंट त्यांनी १९०४ मध्ये घेतलं होतं.

किती टिल्ट लागेल, ते आधी काढता येतं. लेन्सच्या मध्यापासून सेन्सरला समांतर रेषा टेबलापर्यंत खाली आणा आणि तिची लांबी मोजा. फोकल लेंग्थला (इथे ९० मिमी) या लांबीने भागलं, की टिल्टच्या कोनाची साइन मिळते. तुमच्या मांडणीत ही लांबी सुमारे ६९ सेंमी, म्हणून टिल्ट साडेसात अंश. कॅमेरा आणखी खाली आणलात, तर जास्त टिल्ट लागेल.

मग कामाचा क्रम असा. टिल्ट शून्यावर ठेवून चौकट ठरवा आणि ट्रायपॉड आवळा. लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं थेट चित्र) दहापट मोठा करून थाळीच्या मागच्या कडेवर फोकस करा. आता लेन्सचं तोंड खाली जाईल असा टिल्ट देत पुढच्या कडेकडे बघा, ती स्पष्ट होईपर्यंत. यात मागची कड बिघडते, म्हणून पुन्हा मागे फोकस, पुन्हा पुढे टिल्ट. तीन-चार फेऱ्यांत दोन्ही टोकं जुळतात. तुमचा फोकस जुळत नव्हता, कारण बहुतेक वेळा टिल्ट प्रमाणाबाहेर दिला जातो. २४ मिमी लेन्स डोळ्याच्या उंचीवर, दीड मीटरवर असेल, तर जमिनीसाठी टिल्ट लागतो जेमतेम एक अंश. साडेआठ अंश दिला, तर फोकसची पातळी लेन्सखाली १६ सेंमीवरून जाते आणि जमीन पूर्ण धूसर होते.

वाट्यांची उंची विसरू नका. फोकसची पातळी टेबलावर ठेवू नका, वाटीच्या निम्म्या उंचीवर, दोन सेंमी वर ठेवा. एफ/८ ला थाळीच्या मध्यावर या पातळीच्या वर-खाली साधारण दोन-दोन सेंमी स्पष्ट राहतं, एफ/११ ला तीन-तीन. हा पट्टा पाचरीसारखा असतो, कॅमेऱ्याकडे निमुळता होत जातो. म्हणून उंच वस्तू, उभा पापड किंवा मठ्ठ्याचा पेला, मागे ठेवा. पुढे ठेवलात, तर पेल्याचा काठ धूसर होणारच.

प्रश्न : बाथरूमच्या इंटिरिअरमध्ये आरशात कॅमेरा दिसतो. तिरकं उभं राहिलं, तर आरसा वाकडा येतो.

आडवा शिफ्ट वापरा. सेन्सर आरशाला समांतर ठेवून कॅमेरा बाजूला सरकवा आणि शिफ्टने चौकट परत मध्यावर आणा. २४ मिमी लेन्सला १२ मिमी शिफ्ट म्हणजे अंतराच्या निम्मं : दोन मीटरवरून एक मीटर बाजूला जाता येतं. ९० सेंमी रुंदीच्या आरशातून कॅमेरा बाहेर पडायला ते पुरेसं आहे. तुम्ही स्वतः मात्र कॅमेऱ्याच्या ज्या बाजूला आरसा नाही, त्या बाजूला उभे राहा. ट्रायपॉडचे पायही तपासा.

प्रश्न : शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याचे फोटो काढले. शिफ्ट दिल्यावर एक्स्पोजर चुकतं, वरचे कोपरे काळे पडतात, आणि मध्येच फिकट पट्टा येतो.

डीएसएलआरचं (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याचं) प्रकाश मोजणारं मीटर शिफ्ट आणि टिल्टला फसतं. लेन्स शून्यावर असतानाच रीडिंग घ्या, मॅन्युअलवर बसवा, मग शिफ्ट द्या. मिररलेसमध्ये (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात) हा त्रास कमी, तरी हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघावाच.

शिफ्ट दिला, की लेन्सच्या प्रतिमावर्तुळाची (लेन्स आत टाकते त्या गोल प्रतिमेची) कड सेन्सरवर येते, म्हणून कोपरे काळवंडतात. नेहमीचं लेन्स प्रोफाइल (सॉफ्टवेअरमधली त्या-त्या लेन्ससाठी ठरलेली दुरुस्ती) ते सुधारत नाही, कारण शिफ्ट किती दिला हे त्याला कळत नाही. त्याच शिफ्टवर, त्याच ॲपर्चरला, लेन्ससमोर पांढरी अर्धपारदर्शक ॲक्रिलिकची पट्टी धरून एक फ्रेम घ्या आणि सॉफ्टवेअरच्या फ्लॅट-फील्डमध्ये (उजेडातला असा फरक काढून टाकणाऱ्या सोयीत) ती वापरा. फिल्टरची रिंग जाड असेल, तर ती आधी काढा. एफ/८ ते एफ/११ च्या बाहेर शक्यतो जाऊ नका.

फिकट पट्टा सूर्याचा. दिल्ली दरवाजा उत्तराभिमुख आहे, म्हणून वर्षातला बराच काळ दुपारी सूर्य दरवाज्यामागे असतो. शिफ्ट केलेली लेन्स वरच्या आकाशातलं ऊन सहज पकडते. काळं कार्ड चौकटीबाहेर धरून लेन्सवर सावली पाडा. पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य थोडा उत्तरेला जातो. त्यात पावसाआधीचे मेचे शेवटचे दिवस सकाळी लवकर साधले, तर दरवाज्यावर तिरकं ऊन मिळतं. वाडा केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, आत ट्रायपॉड लावायचा तर परवानगी आधी काढावी लागते.

प्रश्न : जुनी टिल्ट-शिफ्ट लेन्स घेताना काय तपासावं?

लेन्स सरळ समोर बघत ठेवा, शिफ्ट वरच्या दिशेने सहा मिमीवर लॉक करा आणि पाच मिनिटांनी आकडा परत वाचा. घसरला असेल, तर लॉक झिजलंय. टिल्ट शून्यावर ठेवून सपाट भिंतीचा फोटो घ्या. डावा-उजवा कोपरा सारखा स्पष्ट नसेल, तर शून्य खरं शून्यावर नाही. जुन्या कॅनन २४, ४५ आणि ९० मध्ये, तसंच निकॉनच्या २४ पीसी-ई मध्ये, टिल्ट आणि शिफ्टचे अक्ष एकमेकांशी काटकोनात बसवलेले असतात. थाळीसारख्या कामाला ते एका दिशेत लागतात, आणि तो बदल सर्व्हिस सेंटरकडूनच करून घ्यावा. २००९ च्या कॅनन १७ आणि २४ (दुसरी आवृत्ती) मध्ये अक्ष हाताने फिरवता येतात. १७ ची पुढची काच फुगीर आहे आणि तिला फिल्टरचे आटे नाहीत, म्हणून त्या काचेवरचे ओरखडे टॉर्च मारून बघा.