सासऱ्यांनी लस घेतली तरी फ्लू झालाच, मग म्हातारपणी ती घ्यायची कशाला?

तुम्ही लिहिलंय: सासरे 76 वर्षांचे, इंदूरला सुदामानगरात राहतात. दिवाळी झाल्यावर फ्लूची लस घेतली, श्रावणात तपासणीत फ्लूच निघाला. या वयात लस लागूच पडत नाही का?

मी इथेच इंदुरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. वयाकडे नंतर येऊ, आधी तारखा बघा. लस घेतल्यावर साधारण दोन आठवड्यांत अँटिबॉडी तयार होतात आणि मग महिन्यागणिक ओसरत जातात. वय झालेल्यांत हे ओसरणं जास्त जाणवतं. आपल्याकडे फ्लू वर्षातून दोनदा डोकं वर काढतो, एकदा जानेवारी ते मार्च आणि एकदा पावसाळ्याच्या आगेमागे. दिवाळीच्या लसीनं पहिला हंगाम सांभाळला असेल. श्रावणापर्यंत तिचा जोर कितीसा उरणार?

आता वयाचं. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. नव्या टी-पेशी, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, तिथे तयार होतात. वयात आल्यापासूनच ती आक्रसायला लागते आणि म्हातारपणी तिच्या जागी बहुतेक चरबीच राहते. त्यामुळे न पाहिलेल्या विषाणूशी लढायला ताज्या पेशी कमी पडतात. अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशींना टी-पेशींची साथ कमी मिळते, म्हणून अँटिबॉडीही कमी बनतात. जुनी ओळख मात्र पक्की असते. सराफ्यातल्या एखाद्या जुन्या मुनीमासारखं: वीस वर्षांपूर्वीचं गिऱ्हाईक पायरीवरच ओळखणार, नव्याचं नाव वहीत चढायला वेळ. 2009 च्या स्वाइन फ्लूत हे दिसलं. त्या विषाणूचे भाऊबंद 1957 पूर्वी फिरत होते, त्यामुळे म्हाताऱ्यांना त्याची लागण तरुणांपेक्षा कमी झाली. उलट एच3एन2 हा फ्लूचा दुसरा प्रकार आला 1968 साली. तुमचे सासरे तेव्हा चांगले कॉलेजच्या वयाचे. लहानपणची ओळख नाही. म्हाताऱ्यांना तोच जास्त छळतो.

आमच्या कॉलनीतल्या आजोबांचा लाडका मुद्दा: "हात दुखला नाही, ताप आला नाही, म्हणजे पाणीच टोचलं!" तसं नसतं. या वयात लसीची रिअ‍ॅक्शनच कमी येते. लॅबमध्ये अँटिबॉडी मोजून घेऊ का, असंही तुम्ही विचारलंय. नको, पैसे वाया जातील. त्या आकड्यावरून एका माणसाचं भविष्य सांगता येत नाही.

मग घ्यायची कशाला? कारण 76 व्या वर्षी फ्लू नुसत्या तापावर थांबेलच असं नाही. न्यूमोनिया तर आहेच. शिवाय कॅनडातल्या 2018 च्या अभ्यासात फ्लू पक्का ठरल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण सुमारे सहापट दिसलं होतं. दवाखान्यात भरती व्हायची वेळ कमी येणं, हाच मोठा फायदा.

म्हाताऱ्यांसाठी हाय-डोस लसही निघाली आहे. साध्या लसीत प्रत्येक विषाणूचे 15 मायक्रोग्रॅम असतात, हिच्यात 60. पासष्टीपुढच्यांवरच्या मोठ्या चाचणीत साध्या लसीच्या तुलनेत फ्लूचे रुग्ण 24 टक्क्यांनी कमी निघाले. डॉक्टरांना विचारा, मिळाली तर उत्तम, नाहीतर साधी घ्या, पण तिच्यासाठी अडून बसू नका.

या खेपेला मे-जूनमध्ये, पाऊस लागायच्या आत द्या. खोक्यावर कोणत्या हंगामाची लस आहे ते छापलेलं असतं, तेवढं वाचून घ्या. मागच्या वर्षीचा माल नको. आणि लस घेऊनही ताप-खोकला आलाच, तर दोन दिवस काढ्यावर काढू नका. डॉक्टरांकडे जा; ओसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर सगळ्यात जास्त कामाचं.